वर आलेली स्प्रिंग

तळहातावर ठेवल्यावर ती मूठ एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखी दिसली. मुळात पांढरी, आता पिवळट झालेली, आणि एका बाजूला खोल, सरळ ओरखडा. गाडीची खुर्ची मागेपुढे सरकवायच्या दांड्याची ही प्लॅस्टिकची मूठ. मालिनीने ती उन्हाकडे वळवली. ओरखडा एक नव्हताच, अनेक होते, एकमेकांवर पडून पडून एक झालेले, सगळे एकाच जागी आणि एकाच कोनात... आणि तो कोन तिला पाठ होता. तिच्या डाव्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची बाहेरची सळई बरोबर या उंचीवर येत असे. आधी दाराकडे तोंड करून बसायचं, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घ्यायचा, आणि घेताना सळई मुठीवर वाजायची – टक्. शेजारचे आप्पा प्रत्येक वेळी त्या आवाजाची वाट बघत असावेत, कारण तो आवाज झाल्याशिवाय त्यांनी गाडी कधी सुरू केली नाही.

तिने बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवला आणि ओरखड्यावर घासायला सुरुवात केली. एका दिशेने, मग काटकोनात, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. प्लॅस्टिक झिजून दुधासारखं पाणी बोटांवरून ओघळलं.

आप्पांच्या घरापुढच्या खळ्यात गोणपाटावर ती बसली होती, डावा पाय लांब पसरून, गुडघ्याची कडी मोकळी करून. शेजारी ती खुर्ची, काल आप्पांच्या गड्याने, भिकाजीने, बोल्ट काढून आणून ठेवलेली. गाडीबाहेर, उन्हात, ती उगीचच अवघडल्यासारखी दिसत होती. मागे खोपीत हेराल्ड गाडी उभी होती, बासष्ट सालची, एका बाजूची खुर्ची नसलेली. आणि पडवीत, वेताच्या आरामखुर्चीत आप्पा. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, कुणी विसरून ठेवून गेलेल्या वस्तूसारखा.

दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. बोलणं गेलं म्हणजे आवाज गेला नाही. शब्दांच्या जागा बदलल्या. काल त्यांनी चहा हवा होता तेव्हा "छत्री" म्हटलं, अगदी शांतपणे, नेहमीच्या आवाजात, आणि काकूंनी एका शब्दाने न विचारता चहा आणून दिला. मालिनीला ते फार विलक्षण वाटलं होतं. सगळ्या बरण्या जागेवर, फक्त चिठ्ठ्या बदललेल्या... आणि काकूंना चिठ्ठ्या लागतच नव्हत्या.

"काय गो, सकाळपासून तेच बोंड घासत्येस?" काकू तांदूळ निवडायला सूप घेऊन पायरीवर येऊन बसल्या. "खुर्ची कधी करणार?"

"करत्येय. आधी लहान, मग मोठं."

"आणि कालपासून ते रिठ्याच्या पाण्याने पुसपुस पुसलंस, ते कशाला? मी काय अस्वच्छ ठेवली होती खुर्ची? दर शनिवारी खोबरेल तेल लावत होत्ये. ह्यांच्या डोक्याला आणि गाडीच्या खुर्च्यांना."

"तेच तर झालं, काकू." मालिनी मान वर न करता म्हणाली. तिचा प्रयोगशाळेतला आवाज लागला, तिला तो ऐकू आला, पण थांबवता आला नाही. "हे रेक्झिन म्हणजे मुळात टणक प्लॅस्टिक असतं. त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात, म्हणून ते मऊ राहतं. खोबरेल तेल ते द्रव्य ओढून घेतं. वरून चकचकीत दिसतं, आतून सुकत जातं. मग ते तडकतं."

सूप थांबलं. "म्हणजे वीस वर्षं मी त्या खुर्चीचं वाटोळं करत होत्ये म्हण की!"

"वाटोळं असं नाही... पण हो, मुख्य कारण ते."

"शिकवा मुलींना बीएस्सी," काकू आप्पांकडे वळून म्हणाल्या. आप्पांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

मालिनीला क्षणभर वाटलं, सांगायला नको होतं. पण जे आहे ते आहे. काल तिने रेक्झिनचा कपटा काढून तापलेल्या तांब्याच्या तारेवर धरला होता, ज्योत हिरवी झाली होती, म्हणजे त्यात क्लोरीन होतं, म्हणजे कुठलं प्लॅस्टिक ते नक्की झालं, म्हणजे त्याला विरघळवणारं काय तेही नक्की झालं. कॉलेजातल्या सरांनी एका लहान बाटलीत ते दिलं होतं, "झाकण घट्ट लाव आणि वाऱ्यावर बसून काम कर" असं बजावून. खुर्चीच्या पाठीमागे खालच्या बाजूला, जिथे वीस वर्षांत कुणाचा हात पोचला नव्हता, तिथून रेक्झिनच्या पट्ट्या कापून तिने त्या द्रवात टाकल्या होत्या. रात्रभरात त्यांचा दाट, तपकिरी-लाल लगदा झाला होता. तिथल्याच कोऱ्या भागावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून रवाळ पृष्ठभागाचा ठसाही घेतला होता. चिरांत लगदा भरायचा, अर्धवट सुकला की ठसा दाबायचा. कोरं जसं होतं तसं, जशाच्या तसं. ही एक एक पायरी तिला फार आवडली होती. विचारलं की उत्तर देणाऱ्या वस्तू.

माणसांचं तसं नसतं. माणसं उत्तर देत नाहीत, उपकार करतात.

हा शब्द तिच्या घरात रोज असायचा, मिठासारखा. आप्पा नसते तर तू शाळेचं तोंड बघितलं नसतंस – आई म्हणायची. निकाल लागला की, पहिला नंबर आला की, बीएस्सीचे पेढे वाटताना, आणि गेल्या महिन्यात ठाण्याच्या प्लॅस्टिक कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं तेव्हाही. आप्पा नसते तर... खरंच होतं ते. बाबांची सायकल, कचेरीची वेळ, शाळेपर्यंतचा तो चढ, आणि सात वर्षांची मुलगी, जिच्या पायाला लोखंड. शेजारच्या आप्पांनी एक दिवस गाडी दारात उभी केली आणि मग रोज केली. पावसात, आंब्याच्या ऐन हंगामात, स्वतःला ताप असतानासुद्धा. ती हे विसरली नव्हती. विसरण्याची मुभाच नव्हती. कृतज्ञता तिच्या अंगावर कॅलिपरसारखी चढवली गेली होती – उभं ठेवणारी, आणि काचणारी. ती काढून कधी बघितलीच नाही, मी हिच्याशिवाय त्या दोघांवर किती प्रेम करते ते...

म्हणून ही खुर्ची. सोमवारी ती ठाण्याला जाणार होती. त्याआधी एकदा, एकदाच, तिला काहीतरी पूर्ण करून द्यायचं होतं. असं, की ज्यावर तिच्या सळईची खूण नसेल, तिच्या बुटाने फाटलेली कड नसेल. आप्पा आता गाडी चालवणार नव्हते. ते आता या खुर्चीत बसणार होते, तिच्या जागी. उद्या भिकाजी त्यांना पहिल्यांदाच बागेत घेऊन जाणार होता, मोहोर दाखवायला. उद्यापर्यंत खुर्ची कोरी व्हायला हवी. मग फिटलं, असं तिला म्हणता येणार होतं. निदान मनात.

भिकाजी तेवढ्यात आलाच, डोकीवर गवताचा भारा, तो खोपीला टेकवून उभा राहिला.

"बाय, खुर्ची आज बसवायची ना? सकाळच्या पारी निघायचाय."

"संध्याकाळी बसव. भरलेलं सुकायला हवं."

"नाय, बसवीन की. पण एक बघ तू, शिकलेली हाईस म्हणून सांगतो." तो आवाज उतरवून बोलू लागला, तरी तो खळ्यापलीकडे ऐकू जात होता. "परवा डाक्टराकडून आणताना आप्पांचा उजवा पाय सारखा सरकून गेराच्या दांड्यावर येत व्हता. मी गेर टाकू का पाय सांभाळू? आणि त्यांना ते कळत व्हतं. पाय उचलायला बघत व्हते, उचलंना. मी मान फिरवून बसलो."

भिकाजी गेला. मालिनीने मूठ फडक्याने पुसली. ओरखडा गेला होता. अंगठा फिरवला तर तो त्या जागी अजून थोडा थबकत होता, पण ती अंगठ्याची सवय.

आता खुर्ची. आणि खुर्चीत पहिली ती स्प्रिंग.

बसायच्या जागेच्या डाव्या बाजूला, पुढच्या कडेपासून वीतभर आत, एक उंचवटा होता. पहिल्या दिवसापासून होता. पहिल्या म्हणजे अगदी पहिल्या नाही, पहिल्या पावसानंतर कधीतरी. ती बसायला कचरली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "स्प्रिंग वर आल्येय जरा. मेली दबतच नाही. तू तिच्यावरच बसत जा रोज, म्हणजे दबेल. माझं एक काम होईल." आणि ती बसली होती, नेमकी त्यावर, जोर देऊन, शाळा येईपर्यंत. शाळेत उतरताना विचारायची, "दबली का आप्पा?" आणि आप्पा हाताने चाचपून गंभीरपणे म्हणायचे, "आज थोडी दबल्येय. उद्या पुन्हा बघू." वर्षानुवर्षं ती हे काम करत होती. गाडीतली तिची जागा फुकटची नव्हती, तिच्याकडे कामगिरी होती. नंतर मोठी झाल्यावर हसू यायचं, पण स्प्रिंग वर आली आहे याबद्दल शंका कधी आली नाही... तपासून पाहिलं नव्हतं. जिने रेक्झिनचा कपटासुद्धा जाळून पाहिला, तिने.

तिने खालच्या बाजूने तारेच्या कड्या पकडीने एकेक उघडल्या, रेक्झिनची कड सोडवली, आणि तडकलेला भाग आणखी फाटू नये म्हणून दोन्ही हातांनी सावकाश मागे दुमडला. काथ्याचा वास आला – कुबट, समुद्रकाठचा. काथ्याचा थर उचलला. स्प्रिंगा दिसल्या, गंजाचा पातळ थर चढलेल्या, ओळीने. तिने तळहात आडवा फिरवला. मग पुन्हा, डोळे मिटून, कारण डोळे फसवतात.

सगळ्या स्प्रिंगा एका पातळीत होत्या.

उंचवटा काथ्याच्या वरच्या थरात होता. तिने बोटं घातली आणि ती वस्तू बाहेर काढली. कापडाची एक लहानशी उशी. अर्धचंद्राच्या आकाराची, दाबून दाबून टणक झालेली, आणि मधोमध एक खाच, दोन बोटं रुंद. कापड हिरवं, विटलेलं. काकूंच्या कुठल्यातरी लुगड्याचं. एका टोकाला शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, आणि पुन्हा उसवून पुन्हा. पांढरा दोरा, मग काळा, मग निळा. निळ्या शिवणीतून सावरीच्या कापसाचा तंतू बाहेर आला होता, तो वाऱ्याने हलला.

खाच कशाला?

तिने उशी मांडीखाली धरून पाहिली, काही विचार न करता, गोणपाटावर बसल्या बसल्या. कॅलिपरचा वरचा पट्टा, चामड्याने मढवलेलं ते पोलादी कडं, जे लहानपणी कुठल्याही बाकावर, कुठल्याही खुर्चीच्या कडेवर दाबलं जाऊन मांडीत रुतायचं, शाळेच्या बाकावर तर तासाभरात डोळ्यांत पाणी आणायचं – ते कडं थेट त्या खाचेत गेलं असतं. आता ती खाच लहान पडत होती, पण तेव्हा... तेव्हा गाडीत ते कधी काचलं नाही. ही गोष्ट तिला आत्ता, तेविसाव्या वर्षी, पहिल्यांदाच लक्षात आली: की गाडीत कधी काचलं नाही. न दुखणं कुणाच्या लक्षात राहतं?

आणि तीन दोरे. मिरजेहून नवा कॅलिपर आणला की कडं मोठं व्हायचं, खाच लहान पडायची. म्हणजे कुणीतरी बघत होतं. कुणीतरी प्रत्येक वेळी या कड्या उघडत होतं, उशी काढत होतं, मोठी करून परत ठेवत होतं. पण माप? माप कसं घेतलं असेल...

परकर.

दुसरीत होती ती. काकूंनी तिला मधल्या दारात उभं केलं होतं, हातात जाड सुताचा दोरा घेऊन. "तुला परकर शिवायचाय." कमरेपासून टाचेपर्यंत दोरा धरला, टाचेशी गाठ मारली. मग मांडीशी, कड्याच्या वर एक गाठ, कड्याच्या खाली एक. "काकू, परकराला मांडीशी गाठ कशाला?" "झालर लावायच्येय तिथून." तिला किती आनंद झाला होता! मांडीपासून झालर असलेला परकर कुणाकडेच नव्हता. तिने वर्गात सांगून ठेवलं होतं. गणपती गेले, दिवाळी गेली. परकर आला नाही. ती रुसली होती आणि कुणालाही न सांगता तो रुसवा तिने फार दिवस बाळगला होता. खरं म्हणजे आजपर्यंत, कुठल्याशा फडताळात. काकू चांगल्या, पण बोललेलं करत नाहीत.

"काकू," ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. उशी तिने वर धरली.

काकूंनी डोळे बारीक केले. मग सूप खाली ठेवून मोठ्याने हसल्या. "अगो बाई, आहे होय ते अजून! ह्यांचीच ती अक्कल. मला म्हणाले, खुर्चीची कड त्या पोरीला लागत्येय, ओठ चावून बसते, सांगत नाही. मी म्हटलं, उशी देऊ तिला. तर म्हणाले, नको, उशी दिली तर घेणार नाही, मानी आहे. आत घालू."

"आणि परकर?"

"कसला परकर?"

"मापं घेतलीत ती. झालर लावायची म्हणालात."

"मी?" काकू खरोखरच आठवू लागल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "छे गो. परकर नाही शिवला मी तुला कधी. माप कसं घेतलं होतं, देव जाणे... झालीत की पंधरा-सोळा वर्षं." आणि मग, सुपातला एक खडा टिपून टाकत, वेगळ्याच आवाजात: "मालू, खरं सांग. ती खुर्ची माझ्या तेलानेच गेली ना? मला मेलीला काय ठाऊक. मऊ राहावी म्हणून करत होत्ये."

मालिनीच्या हातात उशी होती. हिरवी ज्योत, क्लोरीन, तेलात उतरणारं द्रव्य – सगळं जसंच्या तसं खरं होतं, कालही आणि आत्ताही.

"नाही काकू," ती म्हणाली. "उन्हाने. कोकणातल्या उन्हाने असंच होतं."

"बघ! मी म्हटलंच," काकू म्हणाल्या, आणि समाधानाने सूप पाखडू लागल्या.

आपण इतकं सहज खोटं बोलू शकतो हे मालिनीला माहीत नव्हतं. की हेच ते? स्प्रिंग वर आल्येय, मेली दबत नाही – हे वाक्य म्हणताना आप्पांनाही असंच वाटलं असेल? छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं?

ती उशीकडे बघत राहिली. आता ही काढून टाकायची, काथ्या सपाट करायचा, चिरा भरायच्या, ठसा दाबायचा. कोरं जसं होतं तसं. कुणाचीच खूण नसलेलं. काही मिनिटांपूर्वी हेच तिला देणं वाटत होतं. पण कोऱ्या खुर्चीत आप्पांचा पाय उद्या गेराच्या दांड्यावर सरकणार होता, आणि भिकाजी मान फिरवून बसणार होता, आणि आप्पा मोहोर बघायला जाताना पूर्ण रस्ताभर मोहोराचा नाही, पायाचा विचार करणार होते. हे तिने ऐकलं होतं, तासाभरापूर्वी. आणि मूठ पुसत बसली होती.

उजवी बाजू. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या जरा वर, एक उभा काठ हवा. दिसेल असा नाही, बसल्यावर जाणवेलही न जाणवेल असा. सावर दाबून घट्ट भरायची. किती उंच? मांडीची जाडी, गुडघ्यापर्यंतची लांबी... माप लागेल. आणि विचारून घ्यायचं तर ते देणार नाहीत. तेही मानीच.

तिने गुडघ्याची कडी लावली, काठीला धरून उठली. काकूंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. पडवीच्या पायऱ्या ती नेहमी उजवा पाय आधी टाकून चढायची. आज चढताना, का कोण जाणे, एकेक पायरी तिला हाताने चाचपल्यासारखी कळली.

"आप्पा," ती त्यांच्या आरामखुर्चीजवळ खाली बसत म्हणाली, "ठाण्याहून तुमच्यासाठी पायजमे पाठवणार आहे. तिथे कारखान्याच्या बाजूला चांगलं कापड मिळतं म्हणे. माप घेऊ?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. पायजमे! घरात त्यांना उभ्या जन्मात कुणी धोतराशिवाय पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. निदान चांगलं खोटं तरी... पण त्यांनी मान हलवली. तिने दोरा कमरेशी धरला, गुडघ्यापर्यंत आणला, गाठ मारली. मग मांडीभोवती, त्या हलक्या पडलेल्या, आपल्या धन्याला सोडून बसलेल्या पायाभोवती दोरा फिरवला. पाय कसा असतो असा, हे तिच्याइतकं या घरात कुणाला ठाऊक होतं? तो उबदार असतो. लोकांना वाटतं थंड असेल. गुडघ्याच्या वर, चार बोटांवर, तिने दुसरी गाठ मारली.

आप्पांचा डावा हात हळूच खाली आला आणि त्या गाठीवर एक बोट टेकलं.

"परकर," आप्पा म्हणाले.

शांतपणे, नेहमीच्या आवाजात. छत्री म्हणाले होते तसंच.

मालिनीने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसत होती, उजवी स्थिर होती. तिचं मन सवयीने कामाला लागलं – पायजम्याची चिठ्ठी चुकून दुसऱ्या बरणीला लागली असेल, किंवा मघाशी खळ्यात ती काकूंशी बोलली ते यांच्या कानावर पडलं असेल, तोच शब्द फिरून वर आला असेल, किंवा... किंवा सोळा वर्षांपूर्वी मधल्या दारात एक मुलगी उभी होती, आणि जी मापं घेणारीच्या लक्षात राहिली नाहीत, ती ज्याने घ्यायला सांगितली होती त्याच्या मनात – सगळे शब्द इकडेतिकडे झाल्यानंतरही – जागच्या जागी राहिली होती. यांतलं खरं कोणतं? हे कशावर जाळून पाहायचं? कुठल्या तारेवर?

"हो आप्पा," ती म्हणाली. "झालर लावायच्येय इथून."

त्यांचं बोट गाठीवर तसंच होतं. खळ्यात बशीतल्या लगद्यावर साय धरत असणार, आत्ताच भरायला हवा, उशीर केला तर ठसा उमटणार नाही, हे तिला कळत होतं. बागेकडून येणाऱ्या वाऱ्याला मोहोराचा वास होता, आणि काकू सूप पाखडत होत्या, एका लयीत. ती उठली नाही. ती मनातल्या मनात त्या जुन्या वाक्याकडे गेली – आप्पा नसते तर... – आणि नेहमीप्रमाणे अंग आवळून घेत, रुतायची वाट बघत थांबली. वाक्य होतं तसंच होतं, तेवढंच जड, एक अक्षर कमी झालं नव्हतं. फक्त जिथे ते काचायचं, तिथे काही काचत नव्हतं.